जावईबापू मशीन बघतात

एका गावात एक भोळा जावई होता. खरं म्हणजे जावई तो सासुरवाडीच्या गावात होता. स्वतःच्या गावात तो नुसताच भोळा होता. नाव त्याचं म्हाळू.

म्हाळूचं गाव नांदोशी. गावाच्या फाट्यावर वस्तादांचं गॅरेज होतं, तिथं म्हाळू कामाला होता. काम एकच. वस्ताद गाडीखाली झोपून हात बाहेर काढायचे आणि म्हणायचे, बाराचा. म्हाळू बाराचा पाना त्या हातात ठेवायचा. चौदाचा म्हटलं की चौदाचा. यात तो कधी चुकला नाही. पण गाडीखाली काय चालतं ते त्यानं कधी वाकून बघितलं नव्हतं, कारण वाकून बघ असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

लग्न जमवताना मध्यस्थानं मुलीच्या बापाला सांगितलं होतं, पोरगा मशिनरीत आहे. हे खोटं नव्हतं. म्हाळू दिवसभर मशिनरीतच बसलेला असायचा.

मुलगी आंबेसरीची, नाव सगुणा. तिचे वडील भिकाजीतात्या, त्यांची गावात लाकडाची वखार. लग्न झालं, सगुणा थोडे दिवस नांदली आणि रीतीप्रमाणं माहेरी गेली. ती गेल्यावर म्हाळूला करमेना. भाकरी तीच, आई तीच, पण घास खाली उतरेना. घास उतरत नाही म्हणून तो वर पाणी पिऊन बघायचा. पाणी उतरायचं, घास तिथंच. शेवटी आई म्हणाली, जा बाबा, बायकोला घेऊन ये. म्हाळू निघाला.

आंबेसरीला पोचला तेव्हा तात्या वखारीत एका मशीनपुढं कपाळाला हात लावून बसले होते. लाकूड फोडायची मशीन होती ती. दोन चाकांवर आडवा लोखंडी पाट, त्याच्या एका टोकाला जाड पाचर, दुसऱ्या टोकाला तेलाच्या दाबावर पुढं सरकणारा दांडा. मधे ओंडका ठेवायचा, दांडा त्याला पाचरीवर रेटायचा, की ओंडक्याची दोन शकलं. पण आता दांडा ओंडक्यापर्यंत यायचा, त्याला टेकायचा, जरा कण्हायचा आणि तिथंच थांबायचा. शेजारच्या गावात लग्न होतं. आचाऱ्याला चुलीसाठी गाडीभर फाटी हवी होती आणि बाभळीचे ओंडके आख्खेच्या आख्खे पडून होते.

जावयाला बघून तात्यांचा चेहरा उजळला.

"जावईबापू, अगदी वेळेवर आलात. ही मशीन जरा बघा. हिची ताकद गेलीय."

म्हाळूनं मशीन बघितली. बराच वेळ बघितली.

"बघितली," तो म्हणाला.

दाराआड उभी असलेली सगुणा तोंडाला पदर लावून हसली. तात्यांना मात्र वाटलं, माणूस कमी बोलणारा दिसतो, म्हणजे जाणकार असणार. त्यांनी मन मोकळं केलं. मशीन चालू झाल्याखेरीज लग्नघरची फाटी होत नाही, फाटी झाल्याखेरीज मला सुचत नाही, आणि मला सुचल्याखेरीज लेकीची बोळवण कशी करू? तेव्हा जावईबापू, आधी मशीन.

म्हाळूला एवढंच कळलं की मशीन चालू झाली की सगुणा मिळणार. त्यानं वखारीच्या कोपऱ्यात जाऊन वस्तादांना फोन लावला.

वस्ताद तिकडं गाडीखालीच होते. त्यांनी सांगितलं, ताकद गेली म्हणजे आधी तेल बघायचं. तेल कमी झालं की दाब बसत नाही. "आणि नीट बघ म्हाळ्या. डोळ्यात तेल घालून बघ."

म्हाळू स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि सासूबाईंना म्हणाला, डोळ्यात घालायला तेल पाहिजे. सासूबाईंना वाटलं, असेल यांच्या घरची रीत. त्यांनी वाटीत खोबरेल दिलं. म्हाळूनं दोन्ही डोळ्यांत घातलं आणि चाचपडत मशीनपाशी आला. त्याला काही दिसेना. मग दिसायला लागलं ते सगळं दोन-दोन दिसायला लागलं.

त्यानं वस्तादांना कळवलं की इथं दोन मशिनी आहेत आणि दोन्ही तरंगताहेत.

काय झालं ते वस्तादांनी विचारून घेतलं.  मग त्यांनी म्हाळूला एक गोष्ट कायमची लक्षात ठेवायला सांगितली. तेल डोळ्यात घालायचं नसतं, तेल टाकीत घालायचं असतं.

म्हाळूनं ती कायमची लक्षात ठेवली.

तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली. जावयासाठी वडे करायला घेतले होते, कढई चुलीवर तापली होती. माजघरातली तेलाची किटली तेवढी आणून देता का, असं त्यांनी विचारलं. म्हाळूनं किटली उचलली. तेल म्हटल्यावर त्याला वस्तादांचं बोलणं आठवलं. टाकी कुठली ते वस्तादांनी सांगितलं नव्हतं. डोळ्यांत खोबरेल असल्यामुळं त्याला मोठ्या वस्तूच तेवढ्या दिसत होत्या आणि परसात पाण्याची मोठी सिमेंटची टाकी होती. म्हाळूनं किटली तिच्यात उपडी केली आणि रिकामी किटली सासूबाईंना नेऊन दिली.

त्या दिवशी त्या घरात सगळ्यांची अभ्यंगस्नानं झाली. तात्यांनी वखारीतून येऊन अंगावर चार तांबे घेतले आणि दिवाळी नसताना ते दिवाळीसारखे चकाकायला लागले. चहावर तवंग आला. जावयाला बोलायचं कसं, म्हणून कुणी काही बोललं नाही. तात्यांनी तो चहा संपवला आणि वर ढेकर दिली.

वस्तादांनी फोन करून विचारलं, टाकीत तेल घातलंस का? म्हाळू म्हणाला, घातलं, वर तरंगतंय. तरंगतंय म्हटल्यावर वस्ताद चपापले. त्यांनी विचारलं, तेलात पाणी आहे की काय? म्हाळू म्हणाला, पाणी तर भरपूर आहे, काठोकाठ.

"मग हवाही शिरली असणार," वस्ताद म्हणाले. "हवा काढ."

हे काम म्हाळूला येत होतं. गॅरेजात त्यानं ते पुष्कळदा बघितलं होतं. तो मशीनच्या चाकापाशी बसला, झाकणी काढली, काडी टोचली आणि फुस्स करून सगळी हवा काढली. मग दुसऱ्या चाकाची काढली. मशीन हळूहळू खाली आली आणि म्हशीसारखी जमिनीवर बसली.

म्हाळूला बरं वाटलं. एवढे दिवस उभी होती बिचारी, ताकद जाणारच. त्यानं वस्तादांना कळवलं की हवा काढली, आता बसलीय.

वस्तादांनी विचारलं, कोण बसलीय?

मग त्यांनी म्हाळूला दुसरी गोष्ट कायमची लक्षात ठेवायला सांगितली. चाकातली हवा काढायची नाही. जिथं फुगलंय तिथं बघायचं. तिथला नट पान्यानं हळूच ढिला करायचा, फुस्स झालं की परत आवळायचा.

म्हाळू पाना घेऊन उठला. मशीनभोवती दोनदा फिरला, पण फुगलेलं काही दिसेना. घरात आला तर ओसरीवर तात्या आडवे झाले होते. तेलाचा चहा आणि त्यावर सासूबाईंनी उसन्या तेलात केलेले वडे, असं सगळं त्यांच्या पोटात एकत्र आलं होतं. ते सासूबाईंना सांगत होते की पोट फुगून नगारा झालंय, आत नुसती हवा धरलीय.

म्हाळू त्यांच्या उशाशी बसला. "तात्या, काळजी करू नका," तो म्हणाला. "पडून राहा. हळूच ढिला करतो."

तात्यांना वाटलं जावई पोट चोळून देणार. त्यांना भरून आलं. त्यांनी डोळे मिटले. म्हाळूनं त्यांचा सदरा वर केला, पोट इकडून तिकडून नीट बघितलं, आणि बरोबर मधोमध त्याला बेंबी सापडली. पाना गार होता. म्हाळूनं तो तिथं लावला आणि एक चक्कर फिरवला.

तात्या झोपल्या जागेवरून सरळ उभे राहिले. उभं राहताना फुस्स झालं. चांगलं मोठ्यानं झालं. माजघरात सगुणाच्या हातातलं ताट पडलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. ती रडत होती की हसत होती ते सासूबाईंना कळेना, कारण डोळ्यांत पाणी दोन्हीचं सारखंच दिसतं.

"झालं, आता आवळायचं," म्हाळू म्हणाला आणि पाना घेऊन तात्यांच्या मागं लागला. तात्या वखारीत पळाले आणि ओंडक्यांच्या ढिगावर चढून बसले.

तिथूनच त्यांनी अतिशय नम्रपणे वस्तादांशी बोलण्याची इच्छा दाखवली. पण म्हाळूनं स्वतःच फोन लावला होता आणि वस्ताद पुढचं सांगत होते. हवा आत शिरते म्हणजे कुठून तरी तेल बाहेर गळत असणार. गळती शोध. गळती सापडली की तिला बूच मार. बूच मारल्याशिवाय फोन करू नको.

म्हाळूनं मशीनखाली वाकून बघितलं. पण मशीन तर जमिनीला पोट लावून बसली होती, खाली काय दिसणार? तो रस्त्यावर आला. एक म्हातारी देवळाकडून येत होती. म्हाळूनं तिला विचारलं, आजी, इथं गळती कुठं आहे?

"गळती? ती महादेवाच्या देवळात, बाळा," आजी म्हणाली. "पिंडीवर बांधलीय. उन्हाळा लागल्यापासून सारखी थेंब थेंब चालू आहे."

पिंडीवर टांगलेल्या भोकाच्या तांब्याच्या घागरीला गावात गळती म्हणतात, हे म्हाळूला माहीत होतं की नाही कोण जाणे. असलं तरी त्या वेळी आठवलं नाही. त्याला उलट नवल वाटलं. उन्हाळा लागल्यापासून गळतेय आणि सगळ्या गावात बूच मारणारा एक माणूस निघाला नाही. तो देवळात गेला. गळती अगदी वस्तादांनी सांगितल्यासारखी होती, थेंब थेंब. म्हाळूनं आपल्या धोतराची चिंधी फाडली, तिची गोळी केली, भोकात ठोकून बसवली. वरून मेणबत्तीचं मेण लावलं. थेंब थांबला. म्हाळूनं वस्तादांना कळवलं की सापडली, देवळात होती. वस्तादांनी फोन ठेवून दिला.

संध्याकाळी देवळाचे गुरव तात्यांच्या दारात आले. ते ओरडले नाहीत, पण हळू बोलत होते आणि ते जास्त वाईट होतं. आमच्या गळतीला आजवर बूच बसलेलं नाही, असं ते म्हणाले. तात्यांनी हात जोडले, नारळ दिला, नवा जावई आहे, सांभाळून घ्या म्हणाले. गुरवांनी म्हाळूला समोर बसवलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. धार लागली की ती अडवायची नसते. तिला हात लावायचा नाही. भांडं रिकामं होऊ द्यायचं नाही, वरून घालत राहायचं. आणि आपण हात जोडून उभं राहायचं.

म्हाळूनं ही तिसरी गोष्टही कायमची लक्षात ठेवली. त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. त्या रात्री तो जेवला नाही. सगुणानं दुधाचा पेला आणून दिला आणि म्हणाली, "अहो, एवढं मनावर घेऊ नका." म्हाळूनं पेला मनावर न घेता ओठांना लावला.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी कंबर बांधली. जावयाच्या नादी न लागता आपणच बघू, असं ठरवून त्यांनी पंप आणला आणि दोन्ही चाकांत हवा भरली. मशीन उठून उभी राहिली. त्यांनी दोरी ओढून इंजिन चालू केलं. आणि काय, टाकीखालचा रबरी पाइप मशीनमधल्या तेलाच्या पंपाला जिथं जोडला होता तिथली क्लिप सैल पडली होती, पाइपही टोकाला चिरला होता. इतके दिवस तिथूनच तेल पाझरत होतं आणि हवा आत जात होती. आज मशीन उठताना क्लिप पुरतीच निसटली आणि तेलाची बारीक धार लागली.

तात्यांनी इंजिन बंद केलं. पक्कड घरात होती.

"जावईबापू, धार लागलीय, तेवढी बघा. मी पक्कड घेऊन आलो," असं म्हणून ते पळाले.

धार म्हटल्यावर म्हाळूनं पायातल्या वहाणा काढल्या. धारेला हात लावला नाही. वखारीत मशीनच्या तेलाचा नवा डबा होता, तो आणून त्यानं टाकीच्या तोंडात ओतायला सुरुवात केली. भांडं रिकामं होऊ द्यायचं नव्हतं. जेवढं खाली जाई त्याहून जास्त तो वरून घाली. डबा संपल्यावर त्यानं परसातल्या बेलाचं एक पान आणून टाकीवर वाहिलं आणि हात जोडून, डोळे मिटून उभा राहिला.

तात्या पक्कड घेऊन धावत आले ते थेट तेलातच आले. ते उभे होते ते बसले आणि बसल्या-बसल्याच मशीनपर्यंत घसरत गेले. तिथं पोचल्यावर त्यांनी क्लिप पाइपावर चढवली आणि पकडीनं आवळली. धार थांबली. म्हाळूनं डोळे उघडले आणि त्याला तात्यांची काळजी वाटली. देवाची धार अडवली त्यांनी.

सगुणानं वडिलांना हात देऊन उठवलं. तात्यांची कंबर धरली होती. पण समोर इंजिन होतं, टाकी काठोकाठ होती, म्हणून त्यांनी दोरी ओढली. बाभळीचा सगळ्यात गाठाळ ओंडका पाटावर ठेवला. दांडा पुढं आला, ओंडक्याला टेकला, कण्हला नाही, थांबला नाही. कडाड्कन आवाज झाला आणि ओंडक्याची दोन शकलं दोन्हीकडं पडली.

 गुरव रस्त्यावरून चालले होते, त्यांनी टाकीवरचं बेलाचं पान बघितलं आणि ते मान डोलावून पुढं गेले.

दुपारपर्यंत गाडीभर फाटी झाली. लग्नघरचा माणूस घेऊन गेला. तात्यांनी वस्तादांना फोन करून सगळं सांगितलं. वस्ताद म्हणाले, चिरलेला पाइप आहे, आज चालली तरी उद्या परत बसेल. मशीन इकडं आणा, नवा पाइप घालून देतो.

तात्यांना हे पटलं. त्यांनी टेम्पो ठरवला. मशीनवर धूळ बसू नये म्हणून सासूबाईंनी आपलं जुनं हिरवं लुगडं तिला गुंडाळलं. मग सगुणाची ओटी भरली, तिच्या डोळ्यांना पदर लावला, स्वतःच्या डोळ्यांना लावला. तात्या कंबर धरून दारात उभे होते, त्यांना टेम्पोत बसणं शक्य नव्हतं. म्हाळूनं पायावर डोकं ठेवून विचारलं, तात्या, दोघींना घेऊन चाललोय, तर कुठं कुठं उतरवू?

 या जावयाशी बोलताना शब्द तोलून वापरायचा, एवढं ते शिकले होते. मनाशी दोनदा म्हणून बघून मग त्यांनी सांगितलं.

"जावईबापू, जिची ताकद गेली तिला गॅरेजात उतरवा. जी ठणठणीत आहे तिला घरी न्या."

यात काही गोंधळ व्हायला जागाच नव्हती. म्हाळूनं ते दोनदा म्हणून दाखवलं. तात्या समाधानानं आत गेले.

टेम्पो निघाला. रस्ता खराब, ऊन कडक. म्हाळू आणि सगुणा मागं मशीनशेजारी पोत्यावर बसले होते. प्रत्येक खड्ड्याला सगुणा उडायची, मशीन जागची हलायची नाही. फाटा जवळ आल्यावर सगुणानं मशीनला डोकं टेकलं.

"माझी तर सगळी ताकदच गेली," ती म्हणाली.

म्हाळू दचकला. त्यानं विचारलं, सगळी?

"सगळी."

"कधीपासून?"

"तुम्ही आलात तेव्हापासून," सगुणा म्हणाली, आणि हसली, आणि डोळे मिटले.

म्हाळू एकदा तिच्याकडं बघे, एकदा मशीनकडं. मशीननं आज सकाळीच त्याच्या डोळ्यांदेखत बाभळीची गाठ फोडली होती. सगुणाला मान धरवत नव्हती. त्याला तिला घरीच न्यावंसं वाटत होतं. पण सासऱ्यांनी एवढं तोलून सांगितलेलं, त्याला मोडता घालणं बरं नव्हतं.

फाट्यावर गॅरेजसमोर त्यानं टेम्पो थांबवला. सगुणाला हात धरून उतरवलं आणि बाकावर बसवलं. वस्ताद एका ट्रकखाली होते, त्यांचे पाय तेवढे दिसत होते. म्हाळू तिला म्हणाला, तू इथं बस, काळजी करू नको, चांगली माणसं आहेत. सगुणाला वाटलं, चहा आणायला चाललेत. टेम्पो धूळ उडवत गावाकडं गेला.

घरी म्हाळूची आई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. टेम्पोतून चौघांनी मिळून हिरव्या लुगड्यातली मशीन उतरवली आणि उंबऱ्यापाशी आणली. आईनं ती वरपासून खालपर्यंत बघितली. म्हाळू काही आकाशातून पडला नव्हता, तो या आईच्याच पोटी जन्मला होता. तिनं भाकरीचा तुकडा मशीनवरून ओवाळून टाकला.

"रंगानं सावळलीय जरा माहेरी," आई म्हणाली. "पण अंगानं भरलीय. बोलत का नाही रे?"

"दोरी ओढली की बोलते," म्हाळू म्हणाला.

आईला हे पसंत पडलं. तेवढ्यात वस्तादांचा फोन आला. ते ट्रकखालून बाहेर आले होते. त्यांनी विचारलं, म्हाळ्या, मशीन कुठाय? इथं तुझी बायको बसलीय.

"हो वस्ताद, तिचंच काम आहे," म्हाळू म्हणाला. "सगळी ताकद गेलीय. घाई नाही, दोन दिवस जास्त लागले तरी चालतील. पण काही बदलायचं झालं तर नवंच घाला, जुनं नको."

 पलीकडून काही तरी लोखंडी उचलल्याचा आवाज आला, आणि वस्ताद कुणाला तरी विनवत होते, अहो वहिनी, तो चोवीसचा राहू द्या, अहो वहिनी.

म्हाळू फोन ठेवून उंबऱ्यावर बसला. बायकोशिवाय त्याला परत करमेनासं झालं होतं. पण फार वेळ वाट बघावी लागली नाही. फाट्याच्या रस्त्यावर धूळ दिसली. सगुणा पदर खोचून येत होती, अशी झपझप, की पुढं चाललेला सायकलवाला तिला बघून रस्त्याच्या कडेला उतरून उभा राहिला. तिच्या हातात गॅरेजातला सगळ्यात मोठा पाना होता.

म्हाळूचा ऊर भरून आला. त्यानं आत हाक मारली.

"आई, बाहेर ये, बघ. वस्तादांच्या हाताला काय गुण आहे. तासाभरात ताकद आली, आणि वर एक पाना दिलाय बरोबर."